चोचभर

प्रणोतीच्या इंग्रजी पुस्तकात एक शब्द निघाला, पेक.
मी गल्ल्यावर बसते, दिवसभर लोकांशी बोलते,
म्हणून अर्थ माझ्याकडं असणार असं तिला वाटतं.
"मावशी, डिक्शनरीत पाच-सहा दिल्यात. ह्यातला खरा कुठला?"

एक तर दारातच होता.
पोत्यातनं सांडलेल्या इंद्रायणीवर तुटून पडलेल्या सहाजणी,
आणि मागं ती तुरा फाटलेली, तिला सगळ्या टोचतात.
ती कुणालाच टोचत नाही.
आधी कुणी खायचं, मागनं कुणी,
कोंबड्यांना हे रेशन दुकानापेक्षा चांगलं कळतं.
खानापुरात पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली,
ह्यावरनं दगड पडले त्या वर्षीही
त्यांची रांग मोडली नव्हती.

"कोळी कुक्कतैति," अव्वा म्हणायची, कोंबडी टोचते म्हणून,
आणि अण्णा दरवेळी तोच विनोद करायचे:
"कोळी मासे धरतो गे, टोचतोय कुठला!"
अव्वा दरवेळी हसायची.
लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावरही.

"आणि एक माप पण हाय म्हणे. पायलीहून मोठं."

माप म्हटल्यावर उठावंच लागलं.
फळीवर पायली होती, लाकडी,
तळाचा सरकारी शिक्का घासून गुळगुळीत.
अण्णा, परसू मापाडी, मोजताना एक म्हणत नसत.
एक म्हटलं की धान्य एकटं पडतं, म्हणायचे.
लाभ. मग दोन. मग तीन.
गिऱ्हाईक पारिश्वाडकडचं असलं, की
लाभ. मग एरडु. मग मूरु.
पुढचे सगळे आकडे माणूस बघून बदलायचे,
पहिला तेवढा कुणासाठीच बदलला नाही.

"आणि हा, मावशी." प्रणोतीचा आवाज खाली आला.
"हळूच मुका. पटकन घेतलेला. गालावर."
ती लाजली. मी उधारीची वही उघडली.

आमच्या घरात तान्ही पोरं सोडली तर
कुणी कुणाचा मुका घेतल्याचं मला आठवत नाही.
माया असायची ती ताटात वाढलेली असायची.
म्हणूनच सिव्हिलमध्ये अव्वा
पेजेतली दोन शितं टिपून वाटी सरकवायला लागली,
"साकु" म्हणायला लागली,
तेव्हा तिला काय द्यावं ते मला कळेना.

शेवटची बस साडेआठची.
उशी नीट करायला वाकले
आणि ओठ तिच्या कपाळाला लागले.
लागले म्हणते, कारण ठरवलं नव्हतं.
अव्वानं डोळे उघडले.
"मुत्तु?" ती म्हणाली.

मी घाबरून म्हटलं,
"अव्वा, नथ घरात हाय, कपाटात. मोती एक बी पडला नाही."
ती हसली. ओठ हलले नाहीत,
डोळ्यांच्या कडेला तेवढं काहीतरी झालं.

पिरनवाडी गेलं, मच्छे गेलं,
देसूरच्या फाट्यावर कंडक्टरनं सुट्टे मागितले तेव्हा
डोक्यात उजेड पडला.
तिच्या भाषेत मोत्याला आणि मुक्याला
शब्द एकच.
तिनं नथ विचारलीच नव्हती.

सकाळची पहिली बस धरली.
पोचायला उशीर झाला.

प्रणोती पेन्सिल धरून थांबलेली.
"मग कुठला लिहू?"
"कोंबडीचा लिही. मार्क मिळतील."

ती गेली. पायली फळीवर ठेवायच्या आधी
मी ती तशीच, रिकामी, पोत्यावर पालथी केली
आणि मोठ्यानं म्हटलं, लाभ.

दोन म्हणायला काही नव्हतं.
दारात ती तुरा फाटलेली
सगळ्या गेल्यावर एकटीच
फटीतला दाणा काढत होती.